वस्तानच्या राळेतले किडे: भारत बेट होता, तर हे पाहुणे आले कुठून?

आडवाट

भूगोलात आपण शिकलो ते असं: भारताचा तुकडा मादागास्करपासून सुटला, समुद्रात एकटाच उत्तरेकडे सरकत राहिला आणि आशियाला धडकून हिमालय उभा राहिला. मादागास्करशी फारकत साधारण ८.८ कोटी वर्षांपूर्वीची, धडक साधारण ५ ते ५.५ कोटी वर्षांपूर्वीची. म्हणजे मधली तीन कोटींहून जास्त वर्षं आपण बेट होतो. इतका काळ एकटं राहिलं की काय होतं ते मादागास्करकडे बघून कळतं. लेमूर तिथे आहेत, बाकी जगात कुठे नाहीत.

आता सुरत जिल्ह्यात वस्तान नावाची लिग्नाइटची खाण आहे. तिथल्या थरांत अंबर सापडतं, म्हणजे झाडाचा चीक घट्ट होऊन दगडासारखा झालेला. वय ५ कोटी वर्षांच्या थोडं पुढे, म्हणजे बरोबर धडकेच्या सुमाराचं. २०१० साली भारतीय, जर्मन आणि अमेरिकी संशोधकांनी त्यातल्या किड्यांवर निबंध प्रसिद्ध केला. सुमारे १५० किलो अंबर, त्यात ७०० हून जास्त कीटक, कोळी वगैरे मंडळी, ५५ कुळं, शंभरेक प्रजाती. सगळं जगावेगळं निघेल अशी अपेक्षा होती. निघालं उलटंच. यांचे नातलग युरोपात, आशियात, ऑस्ट्रेलियात, अगदी अमेरिकेतही.

मग भारत खरंच बेट होता की नाही? आणि मुंगी-चिलटांच्या साक्षीवर खंडांचा इतिहास ठरवायचा का? मला तर हाडांपेक्षा किडेच जास्त बोलके वाटायला लागलेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

टवाळ

पाहुणे आले आणि चिकट गोष्टीत अडकले. आमच्याकडे मे महिन्यात रोज होतं हे, फक्त राळेच्या जागी आमरस असतो.

शेवंती

@टवाळ :)

वस्तानच्या अंबरची रासायनिक तपासणी झाली आहे. ज्या झाडांचा हा चीक, ती साल वृक्षाच्या कुळातली. आपण धूप घालायला जी राळ आणतो ती याच कुळातल्या झाडांची. आज या कुळाचं राज्य आहे ते बोर्निओ-मलेशियाकडच्या जंगलांत. तेव्हा सुरतेच्या आसपास तसं घनदाट पावसाळी रान होतं.

दुसरी गंमत मला जास्त आवडते. हे अंबर पूर्ण पिकलेलं नाही. बाल्टिकचं अंबर सहसा कशालाच दाद देत नाही, हे मात्र टोल्युइनसारख्या द्रावकात विरघळतं. त्यामुळे अख्खा किडा बाहेर काढता येतो. पाच कोटी वर्षांनी चिलट मोकळं होतं, पाय, मिशा, अंगावरचे केस सगळं शाबूत. एरवी अंबरमधला किडा बाहेरूनच बघावा लागतो, आत बुडबुडा किंवा तडा आला की बसा मान वाकडी करून.

सातबारा

मग त्या मोकळ्या झालेल्या डासाच्या पोटातलं रक्त काढून... पुढचं ‘जुरासिक पार्क’मुळे सगळ्यांना माहीत आहे. कोणी करत का नाही?

चिकित्सक

@सातबारा, केलं होतं की. १९९३ मध्ये लेबनॉनच्या अंबरमधल्या एका सोंडकिड्याचा डीएनए मिळाल्याचं जाहीर झालं होतं, वय १२ कोटी वर्षांच्या वर. मोठा गाजावाजा झाला. मग लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या लोकांनी नेटाने तसेच प्रयोग पुन्हा केले, हाती काही लागलं नाही. १९९७ ची गोष्ट. पुढे २०१३ मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी कोपालमधल्या, म्हणजे अंबर व्हायच्या आधीच्या कच्च्या राळेतल्या, मधमाश्या तपासल्या. त्यांतही खात्रीचा डीएनए नाही. कोपाल तर भूगर्भशास्त्राच्या हिशोबात कालपरवाचं.

मोआ नावाच्या नामशेष पक्ष्याच्या हाडांवरून काढलेला हिशोब असा, की १३ अंश तापमानाला डीएनए दर ५२१ वर्षांनी निम्मा होतो. आता डायनासोर संपल्याला झालेल्या ६.६ कोटी वर्षांचा गुणाकार ज्याचा त्याने करावा.

पण एक खरी रक्त प्यायलेली डासाची मादी सापडली आहे बरं का. अमेरिकेत मोंटानामध्ये, ४.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दगडात, पोट टम्म फुगलेलं. त्या पोटात लोह आणि रक्तातल्या हीमचे अवशेष मिळाले. हाही २०१३ चाच निबंध. ती अंबरमध्ये नव्हतीच, साध्या पापुद्र्यांच्या दगडात होती. आणि तेव्हा डायनासोर संपून दोन कोटी वर्षं झाली होती, त्यामुळे @सातबारा यांचा बेत बारगळला.

टवाळ

पाच कोटी वर्षांपूर्वीही चावत होतेच का हे? म्हणजे पालिकेचा धूर बिचारा काय करणार.

मनमौजी

गावगप्पा बाजूला ठेवू. चतुर! पूर्वी दोन फुटी चतुर उडत होते हे खरं का? मुलाला सांगितलं तर म्हणतो बाबा फेकू नका.

चिकित्सक

खरं आहे. फ्रान्समधल्या कोमेंत्री इथल्या कोळशाच्या खाणीतून मेगान्यूरा निघाला. शार्ल ब्रोन्यार यांनी १८८५ मध्ये त्याचं वर्णन केलं. वय ३० कोटी वर्षांच्या आसपास, पंखांचा पसारा ६५ सेंटिमीटरच्या पुढे. अमेरिकेतला त्याचा भाऊबंद ७० च्याही वर. काटेकोरपणे बोलायचं तर हे आजच्या चतुरांचे थेट पूर्वज नव्हेत, बाजूच्या शाखेतले, पण मुलाला चतुर सांगायला हरकत नाही.

कारण सहसा प्राणवायूचं देतात. कीटकांना फुप्फुस नसतं. अंगाच्या बाजूला भोकं आणि तिथून आत जाणाऱ्या नळ्या, हवा त्यातूनच खेळते. शरीर वाढलं की नळ्यांच्या टोकापर्यंत प्राणवायू पोचणं अवघड. तेव्हा हवेत प्राणवायू आजच्या २१ टक्क्यांऐवजी ३० च्या पुढे होता, म्हणून परवडलं.

बिनपाण्याची

हे प्राणवायूचं उत्तर फार लाडकं झालंय. त्याच काळात चिकार बारके किडेही होते, त्यांचं कोणी सांगत नाही. २०१२ मध्ये दोघा संशोधकांनी दहा हजारांहून जास्त जीवाश्म पंखांची मापं एकत्र केली. सुरुवातीची कोट्यवधी वर्षं प्राणवायू आणि सगळ्यात मोठ्या किड्याचा आकार हातात हात घालून चालतात. पण साधारण १५ कोटी वर्षांपूर्वी ती जोडी फुटते: प्राणवायू वाढतो, किडे लहान होतात. काय झालं तेव्हा? पक्षी आले. मोठा, संथ किडा म्हणजे आयतं जेवण. लहान आणि चपळ तो वाचला.

म्हणजे पुराव्यासाठी मोजला पंख, आणि त्यातून कळलं पक्ष्यांबद्दल. @आडवाट यांच्या मताला माझं अनुमोदन ते एवढ्यासाठी.

मनमौजी

मुलगा विचारतोय, तेव्हा पक्षी नव्हते तर एवढ्या मोठ्या चतुराला खायचं कोण. मी म्हटलं गृहपाठ कर.

फ्रँकफुर्टकर

धागा उशिरा दिसला. आमच्या इथून जर्मनीतली, जीवाश्मांसाठी गाजलेली मेसेलची खाण जवळ आहे. १९९५ पासून जागतिक वारसा. त्याआधी सरकारचा बेत काय होता माहीत आहे? त्या खड्ड्यात कचरा टाकायचा! लोकांनी वर्षानुवर्षं भांडून तो हाणून पाडला.

जागा म्हणजे ४.७ कोटी वर्षांपूर्वीचं एक खोल तळं. तळाशी प्राणवायू नाही, त्यामुळे जे बुडालं ते सडलं नाही. दगड काळपट, तेलकट, पापुद्र्यांचा, आणि त्यात चाळीस टक्के पाणी. उघड्यावर ठेवला की वाळून तडकतो आणि आतल्या किड्याचा भुगा. म्हणून कीटक ग्लिसरीनमध्ये ठेवतात. मी बशीएवढ्या डब्यात एक भुंगेरा पाहिला. नखाएवढा, चपटा झालेला, आणि पाठ निळी-हिरवी चमकणारी. दिवा हलवला की चमक सरकते. हा रंग कसल्या रंगद्रव्याचा नाही, कवचाच्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परततो त्याचा आहे. थर टिकले म्हणून रंग टिकला. २०११ मध्ये याच पद्धतीने तिथल्या पतंगांच्या पंखांचा मूळ रंग पिवळसर हिरवा असल्याचं शोधलं गेलं. डायनासोरचे रंग चित्रकार मनाने भरत आलेत, इथे किड्याचा रंग समोर दिसतो.

मेसेलचीच आणखी एक. तिथल्या एका पानावर शिरांच्या दोन्ही बाजूंना डंबेलच्या आकाराच्या खुणा आहेत. २०१० मध्ये संशोधकांनी ओळखलं की या मुंग्यांच्या चाव्याच्या खुणा आहेत, तेही बुरशीने ताबा घेतलेल्या मुंग्यांच्या. आजही अशी मुंगी मरण्याआधी पानाच्या शिरेला जबडा रोवते, मग डोक्यातून बुरशीचा कोंब फुटतो. मुंगी सापडलेली नाही, बुरशीही नाही. नुसते दाताचे वळ.

शेवंती

बापरे. वाचून अंगावर काटा आला. सुंदर प्रतिसाद.

रानवेडा

वळावरून आठवलं, आवाजावरूनही काम झालंय. इनर मंगोलियात नाकतोड्याच्या जातकुळीतला एक किडा मिळाला, १६.५ कोटी वर्षांपूर्वीचा. पंखांवर पंख घासून गाणारा. घासायची कानशी, तिचे दात, त्यांच्यातलं अंतर, सगळं दगडात उमटलेलं. आजच्या किड्यांशी ताडून बघून त्याचा सूर काढला: ६.४ किलोहर्ट्झ, अगदी एकसुरी शुद्ध. २०१२ मध्ये तो आवाज तयार करून ऐकवला होता. अशा नीच, शुद्ध सुरावरून त्यांचा अंदाज असा, की हा रात्री, जमिनीलगत गात असावा, कारण तिथे तो आवाज झाडोऱ्यातून लांब जातो. म्हणजे जुरासिक रात्र शांत नव्हती.

टवाळ

६.४ किलोहर्ट्झला नीच म्हणणारे तुम्ही पहिलेच. आमच्या सोसायटीतल्या भजनी मंडळाला वरचा सा एवढ्यावर लागतो.

रानवेडा

@टवाळ आजच्या त्याच्या भाऊबंदांच्या मानाने नीच हो. त्यांतले कित्येक तर आपल्याला ऐकूच येत नाहीत.

पुणेरी_पगडी

मागे एका प्रदर्शनातून अंबरचं लॉकेट घेतलं, आत मधमाशी आहे. खरं-खोटं कसं ओळखायचं? विक्रेता शपथेवर सांगत होता, त्यामुळेच शंका आली.

चिकित्सक

पाण्यात मीठ विरघळेल तेवढं घाला. अंबर तरंगतं, काच आणि बरेचसे प्लास्टिक बुडतं. न दिसणाऱ्या कोपऱ्यावर नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवा. चिकट झालं तर बहुधा कोपाल. आणि मधमाशीकडे नीट बघा. अगदी मध्यभागी, पंख पसरून, फोटोला बसल्यासारखी असेल तर ती गेल्या वर्षी मेलेली आहे. खरे किडे वेडेवाकडे, एखादा पाय तुटलेला, भोवती धडपडीचे वळसे.

शेवंती

रिमूव्हरची परीक्षा वस्तानच्या अंबरवर मात्र करू नये, ते खरं असून नापास होईल.

बिनपाण्याची

लॉकेटचा विषय निघालाच आहे तर म्यानमारच्या अंबरबद्दल बोलायला हवं. काचिन प्रांतातलं, हुकाँग खोऱ्यातलं, ९.९ कोटी वर्षांचं. पिसांना चिकटलेल्या गोचिडी (कीटक नव्हेत, आठ पायांच्या आहेत, माहीत आहे), दातेरी जबड्याच्या मुंग्या, सगळे गाजलेले नमुने तिथले. पण त्या भागात वर्षानुवर्षं संघर्ष चालू आहे आणि अंबरचा पैसा त्यात जातो असे आरोप आहेत. २०२० मध्ये पृष्ठवंशीय जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने या नमुन्यांवरचं लेखन थांबवण्याचं आवाहन केलं. मला ते पटतं.

फ्रँकफुर्टकर

मला अर्धंच पटतं. अभ्यासकांनी हात काढले म्हणून खाण बंद होत नाही, नमुने दागिन्यांच्या बाजारात जातात आणि कायमचे हरवतात. खाणीत राबणाऱ्याच्या हातात काय पडतं हा खरा प्रश्न, तो निबंध छापण्या-न छापण्याने सुटत नाही.

बिनपाण्याची

सुटत नाही, पण आपण त्यात भागीदार नको एवढं तरी ठरवता येतं. असो, तुमचं-माझं यावर एकमत होणार नाही.

नाना_वऱ्हाडी

सुरत झालं, फ्रान्स झालं, जर्मनी झालं. आमच्या नागपूरचं नाव कोनी काढन का नाई?

स्टीफन हिस्लॉप पाद्री, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे आमच्याकडे, ते दगडधोंडे गोळा करत हिंडत. टाकळीला लाव्हाच्या दोन थरांच्या मधात तळ्याच्या गाळाचा थर आहे, त्यातून त्यांनी शिंपले, बिया आन् भुंगेऱ्यांचे अवशेष काढले. लंडनला धाडले, आन् १८६० मध्ये अँड्र्यू मरे यांनी त्या किड्यांवर लिवलं. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परत येताना हिस्लॉप बुडून गेले. आपल्या देशातल्या किड्यांच्या जीवाश्मांचा अभ्यास इतका जुना हाय.

मनमौजी

वा नाना! लाव्हाच्या मध्ये किडे? जळून नाही गेले?

नाना_वऱ्हाडी

लाव्हा काई एका दमात नाई आला भाऊ. एक लोंढा आला, थंडा झाला, मंग कितीतरी वर्षं शांतता. पावसानं तळी साचली, झाडं उगवली, किडे आले. मंग पुढचा लोंढा, सारं झाकून टाकलं. मुंबईत वरळीला याच जातीच्या थरात बेडूक सापडले ना. बेडूक होते म्हणजे त्यायच्या ताटात काईतरी होतंच.

रानवेडा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचं शेणही इथे यायला हवं. डायनासोरच्या विष्ठेचे दगड. २००५ मध्ये त्यात गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि डायनासोरच्या काळात गवत नव्हतं ही समजूत मोडली. मोंटानात डायनासोरच्या विष्ठेत शेणकिड्यांची बिळं मिळाली आहेत. पोलंडमधल्या २३ कोटी वर्षांपूर्वीच्या एका विष्ठेत तर क्ष-किरणांनी बघितल्यावर पाय-मिशांसकट अख्खे भुंगेरे निघाले, नवीच प्रजाती, २०२१ मध्ये जाहीर झाली.

टवाळ

आणि आम्हाला ऑफिसात सांगतात, कामाचा दर्जा सुधारा.

मृद्गंध

किडा किती बारीक साक्ष देतो याचं माझं आवडतं उदाहरण फार जुनं नाही, हिमयुगातलं आहे. इंग्लंडमधले रसेल कूप दलदलीच्या गाळातले भुंगेरे गोळा करत. पद्धत घरगुती: गाळ पाण्यात सोडवून बारीक चाळणीने चाळायचा, उरलेल्यात रॉकेल कालवायचं, मग गार पाणी ओतायचं. भुंगेऱ्यांच्या पाठीच्या झाकणांना रॉकेल धरतं, ती वर तरंगतात, माती-काड्या बऱ्याचशा खाली राहतात. वर आलेला थर ओतून घ्यायचा. त्यात इंग्लंडच्या मातीतून एक शेणकिडा निघाला जो आज फक्त तिबेटच्या पठारावर राहतो! १९७३ चा निबंध आहे.

कूप यांचं म्हणणं असं, की हवामान बदललं तेव्हा हे भुंगेरे बदलले नाहीत, उठून दुसरीकडे गेले. झाडांना जागा बदलायला पिढ्या लागतात, म्हणून परागकण उशिरा बातमी देतात. भुंगेरा लगेच देतो.

आता @आडवाट यांच्या मूळ प्रश्नाकडे. भारत बेट होताच. पण बेट म्हणजे कडीकुलूप नव्हे. भारत आणि आशियाच्या मधल्या समुद्रात ज्वालामुखी बेटांची रांग होती, तिचे खडक आज कोहिस्तान-लडाखमध्ये आहेत. उडणारे, वाऱ्याने वाहणारे, ओंडक्यावर बसून येणारे अशांना तेवढं पुरतं. २०१७ मध्ये वस्तानच्या चावऱ्या चिलटांवर स्वतंत्र काम झालं, त्यांचे सगेसोयरे बाल्टिक आणि चीनमधल्या फुशुन अंबरमध्ये सापडतात. वाहतूक एकतर्फीही नव्हती. साल कुळातली झाडं आफ्रिकेतून भारतात आणि भारतातून आग्नेय आशियात गेली असं २०२२ मध्ये परागकणांवरून मांडलं गेलं. आणि वस्तानलाच घोडा-गेंड्यांच्या जवळचा कॅम्बेथेरियम सापडला, तो मात्र फक्त इथलाच.

चिकित्सक

इथे मला एक खोच दिसते. वस्तानचं अंबर धडकेच्या सुमाराचं आहे. दार उघडल्यानंतर घरात पाहुणे दिसले, यावरून दार आधी बंद होतं की नाही हे कसं ठरणार? बेटपणाची परीक्षा घ्यायची तर किडे बेटाच्या काळातले हवेत. म्हणजे नानांची टाकळी. ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचे, ऐन समुद्रात असतानाचे.

मृद्गंध

मुद्दा रास्त. त्यावर वस्तानच्या संशोधकांचं उत्तर असं, की इतकी विविधता, इतक्या खंडांशी नातं, हे धडकेनंतर लगोलग होणारं नाही, ये-जा आधीपासून असणार. ते मला बऱ्यापैकी पटतं, पण सिद्ध झालं असं नाही म्हणणार. कुळाच्या पातळीवर नातं दाखवणं ढोबळ असतं. आणि टाकळीसारख्या थरांतून बहुतेक नुसती झाकणं मिळतात. अंबरमधल्या किड्याचे केस मोजता येतात, झाकणावरून कुळ ठरवतानाही वाद होतात. स्कॉटलंडच्या ऱ्हायनी गावातल्या ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या जबड्यांचंच बघा. २००४ मध्ये त्यांचा धनी सगळ्यात जुना कीटक, कदाचित पंखवाला, ठरला. २०१७ मध्ये दुसऱ्यांनी म्हटलं, ही गोम असू शकते.

आडवाट

सगळ्यांचे आभार. @चिकित्सक यांचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. म्हणजे वस्तानने ‘भारत एकाकी नव्हता’ एवढं सांगितलं, ‘कधीपासून’ ते टाकळीसारख्या दख्खनच्या लाव्हामधल्या थरांना विचारायचं. मग तिथे कोणी शोधतंय का? आणि वस्तानला जाऊन बघता येतं का?

शेवंती

खाण आहे, परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. नमुन्यांवर काम लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत होतं, तिथे संग्रहालयही आहे. जाण्याआधी चौकशी करून जा.

नाना_वऱ्हाडी

टाकळी आता शहराच्या पोटात गेली, वरती घरं हायेत. आता जे काई दिसन ते कोनी पाया खणला, विहीर खणली तरच. काळ्या दगडाच्या मधात चपट्या पापुद्र्यांचा फिकट दगड निघाला अन् त्यात शिंपले दिसले, तर फेकू नका, कॉलेजच्या भूगर्भवाल्यायला दाखवा.

टवाळ

आमचा रस्ता कायम खणलेलाच असतो. उद्यापासून भिंग घेऊन उभा राहतो.